मोल्सवर्थ : एका आडनावाचा प्रवास

इंदूरच्या रामबागेतील आमच्या जुन्या घरात, पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ मध्ये काढलेले ते पुनर्मुद्रण. माझी आत्या येथील एका शाळेत मराठी शिकवत असे. तिने तो विकत घेतला. घरात त्याला शब्दकोश असे कोणीही म्हणत नाही. ‘जरा मोल्सवर्थ काढ रे’ असेच म्हणतात. लहानपणी मला मोल्सवर्थ हे त्या जाड पुस्तकाचेच नाव वाटे. ते कोणा माणसाचे आडनाव असेल, ही शंकाही मनात आली नव्हती.

आत्या आता ८७ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिने सहज विचारले, “अरे, या कोशात मराठीतलं जवळजवळ सगळं सापडतं, पण मोल्सवर्थ म्हणजे काय, ते काही यात नाही. तुला ठाऊक आहे का?” मला ठाऊक नव्हते. आडनावांचा थोडाफार नाद मला आहे, त्यामुळे ते मनाला लागले. पुढचे काही महिने जे वाचले त्यातून हा लेख झाला.

मोल्सवर्थ हे मुळात गावाचे नाव. इंग्लंडच्या पूर्व भागातील हंटिंग्डनशर या जुन्या परगण्यात ते लहानसे खेडे आजही आहे; सरकारी विभागणीत तो परगणा आता केंब्रिजशरमध्ये मोडतो. विल्यम राजाने १०८६ मध्ये साऱ्या इंग्लंडातील जमिनीची, नांगरांची, गुराढोरांची जी मोजदाद करवली, त्या ‘डूम्सडे बुक’ नावाच्या दप्तरात या गावाची नोंद ‘मोल्सवर्डे’ अशा रूपात सापडते. नाव अर्थातच त्याहून जुने, अँग्लो-सॅक्सन काळातले.

त्याचे तुकडे पाडले तर मराठी वाचकाला फारसे परके वाटणार नाही. शेवटचा ‘वर्थ’ म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण घातलेली जागा, आवार, त्या आवारातील वस्ती. आपल्याकडे संस्कृत ‘वाट’ किंवा ‘वाटिका’ म्हणजे कुंपणाची जागा, आणि तिच्यापासून वाडा, वाडी हे शब्द आले. दोन्ही भाषांत कुंपणापासून वस्तीपर्यंतचा अर्थाचा प्रवास सारखाच झाला आहे. इंग्लंडच्या नकाशावर टॅमवर्थ, केनिलवर्थ, आयझलवर्थ अशा ‘वाड्या’ जागोजाग दिसतात, आणि वर्डस्वर्थ, बटरवर्थ, एन्सवर्थ या आडनावांच्या शेवटीही तोच ‘वर्थ’ आहे. मधला ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. सुरुवातीला उरतो ‘मोल’. हे ‘मूल’ नावाच्या माणसाचे नाव असावे, असे स्थलनामांचे अभ्यासक मानतात. सातव्या शतकात केंट प्रांताचा एक राजा याच नावाचा होता. ६८७ मध्ये त्याला जाळून मारले. आपल्या गावाचा मूल निराळा, कोणी साधा जमीनधारक असणार. जुन्या इंग्रजीत ‘मूल’ म्हणजे खेचर. हे नाव मिश्र वंशाच्या माणसाला टोपणनाव म्हणून पडत असावे, असेही एक मत आहे.

तेव्हा मोल्सवर्थ म्हणजे मूलची वाडी. आपल्या पद्धतीने आडनाव केले तर कोशकार जेम्स थॉमस मोलवाडीकर ठरतात. आत्याला हे सांगितले तेव्हा ती पोट धरून हसली.

‘कर’ लावून पाहण्यात गंमत आहेच, पण एक महत्त्वाची गोष्टही आहे. काही वर्षांपूर्वी मी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी गेलो होतो, ज्या गावावरून आमचे करान्त आडनाव आले त्या गावी. पाच-सहा पिढ्यांपूर्वी आमचे लोक तेथून माळव्यात आले. गावात आमच्या आडनावाचे दहा-पाच उंबरे तरी असतील, अशी माझी कल्पना होती. एकही नव्हता. देवळातल्या गुरवांना विचारले, तर ते म्हणाले, “अहो, इथं सगळेच इथले. मग ‘इथला’ म्हणून कोण कुणाला हाक मारणार?” सगळीकडे असेच असते असे नाही, गोव्यात गावाचे नाव लावणारी घराणी त्याच गावात नांदताना दिसतात. पण गुरवांच्या बोलण्यात तथ्य होते. गावाचे नाव माणसाला बहुधा गाव सोडल्यावर चिकटते, आणि ते चिकटवतात नव्या जागेचे शेजारी.

इंग्लंडातही हेच घडले. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर आधी जमीनदार वर्गात आणि मग हळूहळू खालच्या थरांत वंशपरंपरागत आडनावे रूढ झाली. कोणाचे नाव धंद्यावरून पडले : स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, आपले सोनार, सुतार, कुलकर्णी तसे. कोणाचे बापावरून, जसे जॉन्सन. कोणाचे रंगावरून, जसे ब्राऊन. राहिलेले मोठे गाठोडे गावांच्या नावांचे. त्यातही दोन वाटा होत्या. जो गावाचा मालक तो गावातच राहून ‘अमुक गावचा’ म्हणवून घेई. आपल्याकडच्या पाटील-देशमुखांच्या वतनाच्या अभिमानासारखे ते होते. जो साधा माणूस तो पोटापाठी दुसऱ्या गावी गेला की तेथे त्याला मूळ गावाच्या नावाने ओळखत. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्लिश कुटुंबांची आडनावे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली होती. वेल्समध्ये मात्र बापाचेच नाव लावण्याची चाल पुढे काही शतके टिकली.

मोल्सवर्थांचे सरदार घराणे पहिल्या वाटेचे, म्हणजे मालकांचे. इंग्लंडच्या उमराव घराण्यांची जी वंशावळीची पुस्तके आहेत, ती पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातील सर वॉल्टर डि मोल्सवर्थ यांच्यापासून आरंभ करतात. ते राजाबरोबर धर्मयुद्धावर गेले होते, असे तेथे म्हटले आहे. अशा पुस्तकांतील सर्वांत जुन्या पायऱ्या मी जरा जपूनच चढतो. आपल्याकडच्या कुलवृत्तान्तांतही पहिला पुरुष कायम कोणा राजाच्या पदरी असतो. तो नांगर धरताना कधी सापडत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र पाऊल घट्ट जमिनीवर पडते. तोवर घराणे नॉर्थँप्टनशरमध्ये होते. मूळ खेडे मागे पडले होते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ नावाचा एक अधिकारी राजघराण्याच्या जमिनींचे हिशेब तपासण्यासाठी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये गेला. तेथील हेंडर घराण्यातील वारसदार मुलीशी त्याने लग्न केले आणि तो तिकडचाच झाला. बॉडमिन गावाजवळील पेनकॅरो हे त्या शाखेचे ठाणे. नोकरीवर जावे, तेथेच सोयरीक जुळावी आणि पुढच्या पिढ्यांनी तेच घर मानावे, हे वडोदरा-ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

या लग्नाची खूण नावात राहिली. आईकडचे ‘हेंडर’ हे आडनाव पुढे मुलाचे पहिले नाव झाले. सर हेंडर मोल्सवर्थ १६८४ ते १६८७ या काळात वेस्ट इंडीजमधील जमेका बेटाचा कारभार पाहत होते, आणि १६८९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळाला. जमेकात ते रॉयल आफ्रिकन कंपनीचे अडतेही होते. ही कंपनी आफ्रिकेतून माणसे पकडून आणून विकणारी. घराण्याच्या पुस्तकांत किताब ठळक छापलेला असतो आणि हा व्यापार एका ओळीत आटोपतो. आडनावाच्या दृष्टीने मला तो टाळता येत नाही. कॅरिबियन बेटांवर गुलामगिरीत जगलेल्या कित्येक कुटुंबांना मळेवाल्यांचीच आडनावे मिळाली, आणि आज त्यांचे वंशज ती लावतात. एखाद्या इंग्लिश खेड्याचे नाव लावणाऱ्या माणसाचे पूर्वज त्या खेड्याच्या वाऱ्यालाही कधी उभे राहिले नसतील, असे येथे सहज घडते.

दुसरी शाखा आयर्लंडमध्ये गेली. सतराव्या शतकाच्या मध्यावर, तेथील युद्धांच्या धामधुमीत रॉबर्ट मोल्सवर्थ डब्लिनमध्ये स्थिरावला आणि व्यापारात त्याने पैसा आणि जमीन मिळवली. १६५६ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी, त्याच्या मागे, त्याचा मुलगा जन्मला. त्याचेही नाव रॉबर्टच ठेवले. या शाखेतील सर्वांत वाचनीय माणूस हाच. तो इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून डेन्मार्कच्या दरबारी गेला, तेथे त्याचे बिनसले, आणि परत येऊन त्याने १६९४ मध्ये डेन्मार्कवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. एकेकाळचे स्वतंत्र लोक अनियंत्रित राजाच्या हाती कसे गेले, हा त्याचा विषय. पुस्तक युरोपभर गाजले आणि डेन्मार्कचा दरबार संतापला. १७१६ मध्ये त्याला व्हायकाउंट करण्यात आले. जोनाथन स्विफ्टने इंग्लंडने लादलेल्या तांब्याच्या नाण्यांविरुद्ध १७२४ मध्ये जी गाजलेली पत्रे लिहिली, त्यांतील एक याच मोल्सवर्थला उद्देशून आहे. त्याचा मुलगा रिचर्ड सैन्यात होता. १७०६ च्या रामिली येथील लढाईत सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला, तेव्हा रिचर्डने स्वतःचा घोडा त्याला देऊन त्याचा जीव वाचवला. डब्लिनच्या मध्यभागी मोल्सवर्थ रस्ता आहे, तो या घराण्याचा.

कॉर्नवॉलच्या शाखेतील सर विल्यम मोल्सवर्थ (१८१० ते १८५५) यांनी तत्त्वज्ञ हॉब्सचे समग्र ग्रंथ संपादून छापले. कैद्यांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियात पाठवण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे ते अध्यक्ष होते. मृत्यूच्या वर्षी वसाहतमंत्रीही झाले. पण भाषेच्या माणसाला त्यांची आठवण राहावी ती एका झाडामुळे. पेनकॅरोच्या बागेत त्यांनी चिली देशातून आलेल्या सूचिपर्णी वृक्षाचे रोप लावले होते. त्याच्या फांद्यांवर चहूबाजूंनी टोकदार पाने असतात. ते पाहून एक पाहुणा म्हणाला, यावर चढायचे तर माकडालाही कोडे पडेल. तेव्हापासून इंग्रजीत त्या झाडाला ‘मंकी पझल’ म्हणतात, अशी हकीकत सांगतात. ‘माकडकोडे’ हे मराठी नाव मी सुचवून ठेवतो.

त्यानंतर नाव समुद्रापार गेले. सर विल्यम यांचा धाकटा भाऊ फ्रान्सिस न्यूझीलंडला गेला. आज वेलिंग्टनमध्ये तेथील संसद ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव मोल्सवर्थच. डब्लिनमध्ये जन्मलेला एक रॉबर्ट मोल्सवर्थ मेलबर्नमध्ये न्यायाधीश झाला. कॉर्नवॉल आणि आयर्लंड या दोन्ही शाखा नॉर्थँप्टनशरच्या एकाच घरातून फुटल्या, असे वंशावळी सांगतात. पण जगातील प्रत्येक मोल्सवर्थ त्या घरातला, असे मात्र म्हणता येत नाही. गाव एक होते, आणि त्यातून शतकानुशतके बाहेर पडणारी माणसे अनेक : मालक गेला, तसा लोहार गेला, कूळही गेले. बाहेर पडल्यावर नाव सगळ्यांना सारखेच पडू शकत होते. परदेशी पर्यटनस्थळी आडनाव सांगितले की घराण्याची ढाल आणि इतिहास असलेला कागद विकत मिळतो, तो या कारणाने फसवा. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे ढालीवरचे चिन्ह ठरावीक व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलेले असते. आडनावाला दिलेले नसते.

हे मी इतके आग्रहाने मांडतो, त्याला घरचे कारण आहे. आत्यासाठी १९६० च्या सुमारास ग्वाल्हेरहून एक स्थळ आले होते. मुलगा प्राध्यापक, दोघांनी एकमेकांना पाहिलेले, पसंतीही झालेली. अडचण एकच : त्यांचे आडनाव आमचेच. गोत्र निराळे, कुलदैवत निराळे, पण आजोबांच्या चुलत्यांनी निकाल दिला की एका आडनावाचे म्हणजे भावकी, आणि भावकीत लग्न होत नाही. आजोबांना ते पटले नव्हते. तरी वडील माणसापुढे बोलायची त्यांची छाती झाली नाही. एकाच गावाहून निघालेली दोन वेगळी घराणी, एक इंदुरात आले आणि एक ग्वाल्हेरला. दोघांनाही परक्या मुलखात गावाचे नाव पडले, इतकेच त्यात होते. आत्याने पुढे लग्न केले नाही. याबद्दल ती कधी बोलत नाही. मूलच्या वाडीतील लोहार आणि मालक यांची गोष्ट मी तिला सांगितली, तेव्हा मात्र ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे तेव्हा कुणी काकांना सांगायला हवं होतं.”

आता आपल्या मोल्सवर्थांकडे येऊ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा. विशीच्या आत ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. थॉमस आणि जॉर्ज कँडी या जुळ्या भावांच्या आणि शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २५,००० शब्द होते. दुसरी आवृत्ती १८५७ ची, सुमारे ६०,००० शब्दांची. आपल्या फळीवर असते ती हीच. त्यांना या किंवा त्या शाखेच्या फांदीवर बसवण्याचा मोह मी टाळतो. कोशकाराला कुळाची गरज नसते, आणि वर सांगितलेल्या कारणाने नुसत्या आडनावावरून ते ठरवणे म्हणजे आमच्या चुलत-आजोबांचाच न्याय होईल.

येथे आल्यावर त्या नावाचे काय झाले, ते अधिक महत्त्वाचे. मराठी कानांना परकी नावे आपल्या घडणीत बसवण्याची जुनी सवय. एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडमधील गावावरून पडलेले आडनाव. आपल्या जुन्या कागदांत ते ‘अलपिष्टन’ होते. मोल्सवर्थांना तर लोक ‘मोलेश्वरशास्त्री’ म्हणत असत, असे सांगतात. कोठे ‘मोरेश्वरशास्त्री’ असेही ऐकू येते. खेचराच्या नावाच्या कोणा सॅक्सन माणसाचे कुंपण मराठीत येऊन ईश्वर झाले. शेवटच्या ‘स्वर्थ’ला जवळचा असा ‘श्वर’ जिभेवर तयारच होता, आणि पंडित म्हटले की पुढे ‘शास्त्री’ येणारच. यात थट्टा होती तितकाच मानही होता.

असे रूपांतर एकाच दिशेने होते असे नाही. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून जे होळकर, ते इंदुरात राज्य करू लागले, आणि आज येथे होळकर म्हटल्यावर होळ कोणाला आठवत नाही, राजवाडाच आठवतो. ग्वाल्हेरचे शिंदे हिंदीत सिंधिया झाले. वडोदऱ्याचे गायकवाड इंग्रजी कागदांत गायकवार म्हणून वावरले. नाव नव्या भाषेत गेले की तेथील लोक आपापल्या सोयीने ते घासतात, आणि दोन पिढ्यांनी ते घासलेले रूप घराण्यालाही आपले वाटू लागते.

ब्रिटनमध्ये आज मोल्सवर्थ म्हटले की कोणाला काय आठवेल, ते वयावर अवलंबून आहे. मूळ खेड्याजवळ दुसऱ्या महायुद्धात विमानतळ झाला. पुढे तेथे अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवायचे ठरले. त्याविरुद्ध शांततावाद्यांनी तळ ठोकला, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये सैन्य आणून तो उठवण्यात आला. काहींना ते आठवेल. बाकीच्यांना आठवेल तो नायजेल मोल्सवर्थ. जेफ्री विलन्स या लेखकाने आणि रोनाल्ड सर्ल या चित्रकाराने १९५३ पासून रंगवलेला हा शाळकरी पोरगा इंग्लंडात फार लाडका आहे, आणि त्याची ख्याती अशी की त्याला एक शब्दही धड शुद्ध लिहिता येत नाही. आपल्याकडे ज्या नावाने शुद्धलेखनाचे वाद मिटतात, त्या नावाची तिकडे ही दशा!

हे सगळे लिहून झाल्यावर मी एक चिठ्ठी तयार केली आणि आत्याच्या कोशात ‘मोल’ या शब्दाच्या पानात ठेवली. कोशाच्याच थाटात लिहिले होते : मोल्सवर्थ, पुल्लिंगी, मूलची वाडी, त्यावरून पडलेले आडनाव, त्यावरून हा ग्रंथ. आत्याने भिंग लावून ती वाचली, पेन मागून घेतले आणि ‘वाडी’वर काट मारून वर ‘कुंपण’ लिहिले. म्हणाली, “वाडी नंतर झाली. आधी नुसतं कुंपणच असणार.”